चार माणसांची नाव

"चढता कुणालाही येतं. उतरायचं कसं, ते आधी सांगा."

मिस्त्रींच्या दुकानात कुणी काहीही करवून घ्यायला आलं, की हे वाक्य ठरलेलं. टांग्याची पायरी असो, माळ्याची शिडी असो, म्हाताऱ्या माणसाचा पलंग असो. बोलताना ते चष्मा कपाळावर सरकवत आणि गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे न पाहता पायांकडे पाहत. एका शेटजींनी मुलाच्या वरातीसाठी उंच बग्गी सांगितली. मिस्त्रींनी विचारलं, "नवरदेवाचं वय?" शेटजी म्हणाले, "वीस." "आणि बग्गीत त्याच्या शेजारी कोण?" शेजारी आजोबा बसणार होते. शेटजी चिडून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. बग्गीला एक पायरी वाढली.

तुमच्याही गावात असा एखादा कारागीर तुम्ही पाहिला असेल. काम चोख, जीभ कडू. लोक त्याला शिव्या घालतात आणि पुन्हा त्याच्याकडेच जातात.

मिस्त्री मूळचे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. तरुणपणी जहाजावर सुतार होते. एका वादळात डाव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हा समुद्र सोडला आणि बायकोच्या माहेरी, नाशकात येऊन राहिले. भद्रकालीच्या मागे त्यांचं दुकान होतं. मी तेव्हा शाळामास्तर होतो, नोकरीवर अजून कायम झालो नव्हतो. शाळेच्या बाकांच्या दुरुस्तीमुळे त्यांची माझी ओळख झाली. मधल्या सुट्टीत मी त्यांच्याकडे जाऊन बसत असे. ते समुद्राबद्दल फारसं बोलत नसत. विचारलं तर म्हणत, "पाणी म्हणजे पाणी, मास्तर. त्यात सांगण्यासारखं काय?"

ही गोष्ट चौतीस-पस्तीस सालची. आमचं चौघांचं एक टोळकं होतं. डॉक्टर, वकील, नाना आणि मी. डॉक्टरांकडे मोटार होती, म्हणून ते आमचे पुढारी. आमच्या शाळेच्या मंडळावरही ते होते. नाना पोस्टात कारकून. गोड गळ्याचा, भित्रा, आईचा एकुलता एक. दर रविवारी मोटारीतून कुठेतरी जायचं, चिवडा खायचा, नानाचं गाणं ऐकायचं आणि परत यायचं, हा आमचा परिपाठ.

एका रविवारी आम्ही दारणेच्या धरणावर गेलो. कुणी साहेब तिथे शिडाची होडी फिरवत होता. काठावर त्याची मोटार उभी होती आणि तिच्यामागे दोन चाकांचा रिकामा गाडा जोडलेला होता. होडी घरी ठेवायची, गाड्यावर घालून आणायची, दिवसभर फिरवायची आणि संध्याकाळी परत न्यायची. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. परतताना देवळालीच्या फाटकाशी ते म्हणाले, "आपणही घ्यायची."

आमच्यापैकी कुणीही आयुष्यात शीड धरलं नव्हतं. पण महिनाभर आम्ही दुसरं काही बोललो नाही. वकिलांनी मुंबईहून एक इंग्रजी पुस्तक मागवलं. नानाला होडीत पेटी ठेवायला जागा हवी होती. मी सावलीबद्दल विचारलं, तर सगळे हसले. शेवटी मीच म्हणालो, "आपल्या मिस्त्रींना विचारू या. ते जहाजावर होते."

विकाऊ होड्या दोन निघाल्या. एक देवळालीच्या छावणीतल्या विलायतेला परतणाऱ्या अधिकाऱ्याची. पांढरी, निमुळती, उंच डोलकाठीची. दुसरी घोटीच्या एका कंत्राटदाराची. डांबर फासलेली, रुंद बुडाची, आखूड काठीची. डॉक्टर तिला पहिल्या दिवसापासून 'म्हैस' म्हणत.

मिस्त्रींनी दोन्ही पाहिल्या. खाली वाकून बूड चाचपलं, फळ्यांच्या सांध्यांतून नख फिरवलं. तिथे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्हा चौघांना दुकानात बोलावलं. पाहतो तो भुसा झाडून जमिनीवर खडूनं दोन आकृत्या काढलेल्या. मापं तंतोतंत.

"बसा," ते पांढऱ्या होडीच्या आकृतीकडे बोट दाखवून म्हणाले.

चार प्रतिष्ठित माणसं धोतरं सावरत खडूच्या रेघेत बसली. दारात पोरंसोरं जमली. मिस्त्रींनी एक लांब बांबू आमच्या डोक्यांवरून आडवा धरला. "हा शिडाचा दांडा. वारा फिरला की हा या बाजूनं त्या बाजूला येणार. तुम्ही वाकायचं आणि पलीकडे सरकायचं. चला."

बांबू फिरला. डॉक्टर वकिलांच्या मांडीवर, मी डॉक्टरांच्या पाठीवर, आणि नाना रेघ ओलांडून फळ्यांच्या ढिगावर.

"नानासाहेब पाण्यात गेले," मिस्त्री म्हणाले.

दारातली पोरं खिदळली. आम्हीही पोट धरून हसलो, नाना सगळ्यांत जास्त. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "पोहता कुणाला येतं?"

फक्त डॉक्टरांना येत होतं.

"मग ही एका माणसाची नाव आहे. ती दुसरी चार माणसांची." मग ते डॉक्टरांकडे वळले. "दारणेवर वारा सरळ येत नाही साहेब, डोंगरावरून कोसळतो. म्हैस हलेल, पण उलटणार नाही. आणि तिचं शीड एका झटक्यात खाली येतं. हिचं येत नाही."

"पण मिस्त्री, दिसायला?" डॉक्टर म्हणाले.

"नावेत बसल्यावर नाव दिसत नाही, साहेब."

आठ दिवसांनी पांढरी होडी डॉक्टरांच्या अंगणात आली. त्यांच्या घरच्या मंडळींना ती आवडली होती. वकिलांच्या पुस्तकात तशीच एक होती. मला काय वाटतं, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. नाना एवढंच म्हणाला, "पेटी मावत नाही रे." पण डॉक्टरांना ऐकू जाईल असं नव्हे.

होडीबरोबर गाडा नव्हता. तो मिस्त्रींनाच सांगितला. ते रागावून नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "घेतलीच आहे, तर निदान वाटेत मोडायला नको." गाडा असा केला की चौघांनी ढकलताच होडी चिखलातूनही अलगद पाण्यात उतरे. डोलकाठी जिथे रोवतात ती खाच चिरलेली होती. ती कुणी न सांगता काढून त्यांनी सागाची नवी बसवली.

पहिल्या फेरीला ते बरोबर आले. शीड चढवणं, सुकाणू धरणं त्यांनी दिवसभर शिकवलं. शिडाची दोरी डॉक्टरांच्या हातात देऊन म्हणाले, "ही कधी बांधायची नाही. हातातच ठेवायची. वाऱ्याचा झटका आला की सोडायची. एवढं एक विसरू नका." दुपारी आम्ही आंब्याखाली सतरंजी पसरली आणि डबे उघडले. मिस्त्री थोडे दूर, बांधाच्या दगडावर जाऊन बसले आणि फडक्यातली भाकरी सोडली. आम्ही त्यांना बोलावलं नाही. आमच्या कुणाच्या मनात वाईट नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे आमच्या मनात ते आलेच नव्हते. एकट्या नानानं लाडू नेऊन दिला, तो वरून हातावर टाकला.

पुढच्या फेरीला डॉक्टर म्हणाले, "आता शिकलो आपण. सहलीत मिस्त्री कशाला?"

चार रविवार छान गेले. पाचवा दसऱ्यानंतरचा. धरण काठोकाठ भरलेलं. दुपारी वारा पडला आणि होडी जागच्या जागी डुलू लागली. डॉक्टरांना पान लावायचं होतं. त्यांनी शिडाची दोरी खुंटीला बांधली. मी ती बांधताना पाहिली. दोन वेढे आणि गाठ. मिस्त्रींचं बोलणं आठवलं, ओठांवर आलं, आणि मी म्हणालो, "मलाही एक लावा."

नाना पान गालात धरून गुणगुणत होता. डोंगराच्या बाजूनं पाणी काळं होत आमच्याकडे धावत येताना मला दिसलं. 'ते बघा' म्हणेपर्यंत होडी आडवी झाली होती. डॉक्टर गाठीकडे झेपावले, पण गाठ ओली आणि ताणलेली. मग सगळं पाणीच. मी आणि वकील उलट्या बुडाला धरून राहिलो. डॉक्टर काठाला पोहून गेले आणि गावातली माणसं घेऊन आले. नाना शिडाखाली होता. त्याला काढलं तेव्हा त्याच्या तोंडात पान तसंच होतं.

होडी ओढून काठावर आणून सरळ केली. डोलकाठी आपल्या खाचेत ताठ उभी होती. सागाची खाच केसभरही हलली नव्हती. मी हात लावून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी वकिलांनी मला आणि डॉक्टरांना घरी बोलावलं. ते म्हणाले, "खोटं कुणी काही बोलायचं नाही. खरं आहे तेवढंच सांगायचं. होडी मिस्त्रींनी पाहिली, खरं. डोलकाठीचं काम त्यांनी केलं, खरं. वारा आला आणि काठीनं दगा दिला असं वाटलं. वाटलं, हेही खरंच." डॉक्टर भिंतीकडे तोंड करून बसले होते. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, तुमचं कायमचं प्रकरण पुढच्या बैठकीत येतंय."

चौकशीला मिस्त्री स्वच्छ कोट घालून आले होते. फौजदारांनी विचारलं, "नाव तू पाहिली होतीस?"

"पाहिली होती."

"दुरुस्ती केलीस?"

"केली. पण ही घेऊ नका, असं मी चौघांना सांगितलं होतं, साहेब. खडूनं आखून दाखवलं होतं. दोरी बांधू नका, हेही सांगितलं होतं. मास्तरांना विचारा."

त्यांनी दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. माझंच घेतलं. आणि अगदी निर्धास्तपणे माझ्याकडे पाहिलं.

फौजदार माझ्याकडे वळले. "खरं का, मास्तर?"

मी म्हणालो, "बोलणं झालं होतं काहीतरी. मला तितकंसं आठवत नाही."

"आणि दोरी?"

"गडबडीत लक्ष नव्हतं."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला सोसलं असतं. ते नुसते माझ्याकडे पाहत राहिले, एखादी चांगली म्हणून घेतलेली फळी करवतीखाली पोकळ निघावी तसे. मग त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि पुढे एका शब्दानंही उत्तर दिलं नाही.

कागदोपत्री तो अपघातच ठरला. कुणाला शिक्षा झाली नाही. शिक्षा गावानं केली. टांगेवाले म्हणू लागले, ज्याच्या हातची होडी बुडाली त्याच्या हातचं चाक कोण घेणार? शाळेनं बाकं दुसऱ्याकडे दिली. ती दुसऱ्याकडे देण्याची चिठ्ठी माझ्या हातून गेली. नानाच्या गल्लीतल्या कुणीतरी त्यांच्या दुकानाच्या फळीवर शेण फेकलं.

मी दोन महिन्यांनी गेलो. ते एकटेच होते आणि पाळण्याच्या पट्टीला रंधा मारत होते. मी ओट्यावर नेहमीच्या जागी बसलो. 

"मिस्त्री," मी म्हणालो, "त्या दिवशी माझ्याकडून..."

"तुम्हाला आठवत नाही ना, मास्तर?"

मी पायाशी पडलेली रंध्याची ढलपी उचलली.

"मग कशाबद्दल आलात?"

ते कडवट नव्हते. खरंच विचारत होते.  त्यांनी पट्टी उलटी करून पुन्हा रंधा सुरू केला आणि मी उठलो. मी ओट्यावरून उतरताना ते म्हणाले, "त्या नानासाहेबांची आई एकटी असेल. तिच्याकडे जात जा. मला ती दारात उभं करणार नाही."

फाल्गुनात दुकान बंद झालं. शेजारचा तांबट म्हणाला, मालेगावला मेव्हण्याकडे गेले. कुणी म्हणालं, परत बंदरावर. मालेगावला एकदा शाळेच्या कामानं गेलो होतो, तेव्हा चहाच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, "दोन बोटं नसलेला मिस्तरी? आठे असा कोनी नई शे, मास्तर." मी लगेच उठलो. दुसऱ्या कुणाला विचारलं नाही. न सापडल्याचं मला बरं वाटलं, हे इथे लिहून टाकतो.

त्या वर्षी मी कायम झालो. डॉक्टरांनी होडी परस्पर कुणाला तरी देऊन टाकली. नानाच्या आईकडे डॉक्टर आणि वकील वर्षश्राद्धापर्यंत आले, नंतर नाही. मी मात्र दर शनिवारी जात राहिलो, ती असेपर्यंत. लोक म्हणत, मास्तरांसारखा मित्र मिळायला भाग्य लागतं.

ती मला पाटावर बसवी. नानाच्या वाटणीचं म्हणून काहीतरी करून ठेवलेलं असे. शेवटच्या दिवसांत तिला दिसत नव्हतं. भिंतीला धरून ती आत गेली, ताटली घेऊन आली आणि माझ्यासमोर चाचपत ठेवली.

"तो मेला सुतार कुठे असेल रे?" ती म्हणाली. "जिथे असेल तिथे त्याच्या गळ्याखाली घास उतरू नये. रोज देवापुढे बसून तेवढंच मागते मी. चुकतं का माझं?"

मी म्हणालो, "नाही, काकू."

"खा," ती म्हणाली. "नारळाची वडी आहे."

मी खाल्ली.