जेवणघरातलं कॉकपिट

मीनाचा फोन आला तेव्हा गॅसवर दूध होतं. मीना म्हणजे माझी भावजय, मुंबईला बँकेत नोकरी करते. सकाळच्या घाईत ती कधी फोन करत नाही. "आक्का," ती म्हणाली, "हे गेले. झोपेतच." मी फोन कानाला लावून तशीच उभी राहिले. दूध उतू गेलं, शेगडीवरून ओट्यावर आलं, ओट्यावरून खाली माझ्या पायावर. माझा धाकटा भाऊ, कॅप्टन दादाजी देवरे. आधी तोंड उघडल्याशिवाय ज्याने आयुष्यात काही केलं नाही, तो एवढं मोठं काम एक शब्द न बोलता उरकून गेला. याचा मला दुःखाआधी रागच आला, खोटं कशाला बोलू!

आता काही आठवडे उलटलेत. भेटायला येणारे सगळे म्हणतात, देवमाणूस होता हो. मी मान डोलावते, पण देवमाणूस बिवमाणूस काही नव्हता. हट्टी होता. शेवभाजी समोर आली की आजूबाजूला कोण बसलंय याचं भान नसायचं. आणि हरणं त्याला मुळीच खपायचं नाही, मग ते पत्ते असोत नाहीतर आणखी काही. आमच्या नामपूरकडे दर दोन घरांआड एक दादाजी सापडतो, त्यामुळे नावाचं कोणाला काही वाटत नाही. पण उत्तरेकडचे लोक आजोबांना दादाजी म्हणतात. विमान कंपनीत वैमानिक म्हणून लागला तेव्हा पोराला धड मिशी नव्हती, आणि नावाची पाटी वाचून विमानातल्या एका मुलीने म्हणे वाकून नमस्कार केला. "मी आशीर्वादपण देऊन टाकला, आक्का," असं सांगून तो हसत सुटायचा.

घरात मी थोरली आणि मी बोलकी. सोप्या भाषेत सांगायचं तर मी कोणाला बोलूच द्यायचे नाही. एसटीत कंडक्टरने त्याला नाव विचारलं तर मी सांगायचे. शाळेत गुरुजींनी तोंडी परीक्षेत पाढा विचारला तर खिडकीबाहेरून मी म्हणायचे, आणि मार गुरुजी त्याला द्यायचे. पुढे मी मास्तरीण झाले यात नवल नाही. "घरात हिने बोलू दिलं नाही, म्हणून मी विमानात जाऊन बसलो," असं तो माझ्यादेखत लोकांना सांगायचा. कारण विमानात काही बिघडलं, तर कॅप्टनने आधी बोलायचं असतं. निदान त्याच्या कंपनीत तशी रीत होती, आणि त्या रीतीवर त्याचं आख्खं आयुष्य मजेत चाललं होतं.

मग त्याची कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली. पेपरात बातमी लग्नपत्रिकेसारखी देखणी छापून आली. पण लग्नानंतर आमटीला फोडणी कोणाच्या माहेरच्या पद्धतीने घालायची यावरून जे होतं, तेच आत सुरू झालं. विमानं तीच, आकाश तेच. पण कोणी कधी काय बोलायचं याची शिस्त दोन्हीकडे निराळी. वैमानिकांना दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसावं लागतं. पायांवर उभा असलेला एक मोठा डबा, आत हुबेहूब कॉकपिट. मागे बसलेला परीक्षक कधी इंजिन बंद पाडतो, कधी आग लावतो, कधी धावपट्टीवर धुकं पसरवतो. यांनी त्यातून विमान नीट खाली आणायचं. दादाजी आजवर तिथं सहलीला गेल्यासारखा जायचा. या वेळी मात्र परीक्षा मोठ्या कंपनीच्या पद्धतीने होणार होती. त्या पद्धतीत, विमान ज्याच्या हातात नाही त्याने आधी बिघाडाचं नाव घ्यायचं. ज्याच्या हातात विमान आहे त्याने गप्प राहून बघायचं, पाहिलं असं म्हणायचं, आणि मगच पुढचं काम सांगायचं.

परीक्षा देऊन तो मुंबईला न जाता थेट माझ्याकडे इंदिरानगरला आला. मी मुद्दाम शेवभाजी केली. त्याने ताट बाजूला सारलं तेव्हाच मला कळलं. "आक्का... मी नापास," तो म्हणाला. अगं बाई! जन्मभर दुसऱ्यांची पोरं पास केली, आणि माझ्याच घरात हे ऐकायची वेळ! झालं असं होतं की इंजिनला आग लागल्याबरोबर हा सवयीने आधी बोलला. शेजारी बसलेली मोठ्या कंपनीची मुलगी तिच्या रीतीप्रमाणे त्याच क्षणी बोलली. दोघं एकदम बोलले, मग दोघं एकदम गप्प झाले, दुसरा काय म्हणाला ते कोणालाच कळेना. विमान नुसतं जात राहिलं. पुन्हा एक संधी मिळणार होती. ती हुकली तर कॅप्टनची डावी खुर्ची जाणार होती आणि उरलेली वर्षं उजव्या खुर्चीत, मदतनीस म्हणून काढायची होती. "त्यापेक्षा मी घरी बसेन," तो म्हणाला. मला माझा भाऊ ठाऊक आहे. तो खरंच बसला असता, आणि बसल्या बसल्या झिजला असता.

दुसऱ्या दिवशी त्याने कॉकपिटचा भलामोठा कागदी फोटो आणला. सगळी बटणं, सगळे काटे, जसेच्या तसे. मीनाने मुंबईच्या घरात भिंतीला काही चिकटवायला साफ मनाई केली होती, म्हणून माझ्या जेवणघरातलं कॅलेंडर उतरलं आणि तिथं विमान आलं. समोर जेवणाच्या दोन खुर्च्या. डाव्या खुर्चीत हा, उजव्या खुर्चीत, दुसरं कोणी नाही म्हणून मी! कुठल्या बटणाने काय होतं ते मला आजही विचारू नका, पण आग लागली असं म्हणायला काय लागतं?

मग एका रविवारी ती मुलगी आली. प्रज्ञा साळवे, नाशिकरोडची, वडील कारकून म्हणून निवृत्त झालेले. सुट्टीत आई-वडिलांकडे आली होती, आणि पुढच्या परीक्षेत पुन्हा दादाजीबरोबर तीच बसणार होती. मुलगी कसली, तीही कॅप्टनच. तिच्याबरोबर दोन्ही कंपन्यांचे आणखी दोन-तीन वैमानिक आले, आणि माझ्या जेवणघरात जी जुंपली म्हणता! दादाजीच्या कंपनीतला एकजण म्हणाला, हे प्रशिक्षण नाहीच, आम्हाला गाळायची चाळणी आहे. दुसरा म्हणाला, परीक्षक त्यांचे, शब्द त्यांचे, मग ज्येष्ठतेच्या यादीत खाली जाणार कोण, तर आपण. प्रज्ञा शांतपणे चहा पीत होती. ती म्हणाली, "सर, तुमची पद्धत आली असती, तर आज आम्ही अडखळलो असतो. कुठलीतरी एकच ठेवायला हवी ना? अर्धं विमान तुमचं अन् अर्धं आमचं असं कसं उडेल?" दादाजी बटाटेवडा खात होता, तोंडातला घास संपवून म्हणाला, "मला राग पद्धतीचा नाही रे. मला वाईट याचं वाटतं की लोक आता डब्यात जाताना घाबरतात. आदळलो तरी हातपाय झटकून चहा प्यायला बाहेर येता येतं, अशी जगात तेवढी एकच जागा आहे आपल्याला. तिथंच चूक करायची भीती वाटली, तर शिकायचं कुठं?" प्रज्ञाने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. मग म्हणाली, "सर, पण तुम्ही आधी बोलता." "मी कॅप्टन आहे!" "मीपण कॅप्टन आहे, सर." मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसले. त्याला गप्प करणारं माझ्यानंतर कोणीतरी भेटलं होतं!

सराव सुरू झाला. प्रज्ञा सुट्टी मिळेल तेव्हा यायची, मध्ये तो एकटा घोकायचा. कागदासमोर सगळं येत होतं, पण अचानक काही झालं की जीभ आधी सुटायचीच. दाराची बेल वाजली तरी तो ओरडायचा, बेल! तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी सांगितलं, आजपासून या घरात आपोआप काही व्हायचं नाही. दूध वर आलं, कुकरची शिट्टी झाली, वीज गेली, टाकी भरली... नाव मी घेणार. तू गप्प राहायचं, बघायचं, पाहिलं म्हणायचं, मग हात लावायचा. तिकडे ते सगळं इंग्रजीत चालतं म्हणे. मी म्हटलं, मी दुधाशी इंग्रजीत बोलणार नाही. आधी कोण आणि मग कोण, एवढं अंगात मुरलं की झालं.

पहिले काही दिवस त्याची फार त्रेधा उडाली. ओठ घट्ट मिटून दुधाकडे बघत उभा, कानांपर्यंत लाल. मी मुद्दाम उशीर लावायचे. कॅप्टनसाहेबांच्या डोळ्यांदेखत दूध काठाला यायचं, आणि शेवटच्या क्षणी मी म्हणायचे, "दूध वर आलं." तो फुटल्यासारखा, "पाहिलं!" मग एके दिवशी म्हणाला, "आक्का, आता उलट. नाव मी घेणार, तू गप्प." त्यात काय मोठंसं, असं वाटलं मला. दूध चढायला लागलं. हा खुशाल छताकडे बघतोय. मला दिसतंय, मला कळतंय, आणि बोलायचं नाही... देवा रे! शेवटी मी किंचाळले आणि दुधाचं व्हायचं तेच झालं. आम्ही दोघं ओटा पुसता पुसता इतके हसलो की शेजारच्या वहिनी दारात येऊन बघून गेल्या. माहीत असून गप्प राहणं किती अवघड असतं, ते त्या दिवशी मला कळलं. त्यानंतर मी उशीर लावणं बंद केलं.

पुढच्या परीक्षेच्या दिवशी मी उपास केला, आणि शाबूदाण्याचे वडे तळून खाऊनही टाकले. जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी फोन वाजला. पलीकडे तो. "आक्का..." एवढंच. एरवी मी लगेच विचारलं असतं, काय झालं, पास का, आग लागली का, तू आधी बोललास का. पण त्या दिवशी मी ओठ मिटून उभी राहिले. मग तो लहानपणी नामपूरला बोलायचा तसं अहिराणीत म्हणाला, "बठ्ठं बेस शे, आक्का." सगळं छान आहे. मी म्हटलं, "ऐकलं." मागून प्रज्ञाचा आवाज आला, "आक्का, सर एकदाही आधी बोलले नाहीत! परीक्षकांनी विचारलं, हे कुठं शिकलात?" "मग काय सांगितलं?" "सर म्हणाले, दुधावर."

मी तोवर कधी विमानात बसले नव्हते. इतके दिवस माझ्या भिंतीवर इंजिनं पेटत होती, भीती वाटणारच की! पण तो निवृत्त व्हायच्या आधी मी बसले, ओझरच्या विमानतळावरून, त्याच्याच विमानात. वाटेत विमान ढगांत असं काही हेलकावलं की शेजारच्या गृहस्थांनी डोळे मिटून जप सुरू केला. मी त्यांच्या हातावर थोपटून म्हटलं, "घाबरू नका. आत आत्ता एकजण सांगतोय आणि दुसरा म्हणतोय, पाहिलं." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की त्यांना विमानापेक्षा माझीच भीती वाटली असावी. मला मात्र माझ्या स्वयंपाकघरात असल्यासारखं वाटत होतं. खाली उतरताना तो दारात उभा होता, टोपी काखेत. आम्ही नुसते हसलो.

निवृत्त झाल्यावर, मीनाची नोकरी चालू असल्यामुळे, त्याचा अर्धा आठवडा माझ्याकडेच जायचा. परीक्षा संपली तरी खोड गेली नाही. सकाळी मी पोळ्या लाटत असायचे, तो डाव्या खुर्चीत पेपर वाचत. मी म्हणायचे, "दूध वर आलं." पेपरामागून आवाज यायचा, "पाहिलं," आणि तो उठून गॅस बंद करायचा. आमचं म्हातारपण असं छान चाललं होतं.

तो गेल्यापासून माझं दूध रोज उतू जातंय. म्हणजे मला दिसतं, मी तिथंच उभी असते. सवयीने म्हणते, दूध वर आलं... आणि थांबते. हात पुढे होतच नाही. कोणीतरी 'पाहिलं' म्हणायला हवं ना! ओटा पुसता पुसता मी त्याला चार शिव्या घालते, मग बरं वाटतं.

भिंतीवरचा कागद अजून तसाच आहे, कोपऱ्यावर हळदीची बोटं उमटलेली. मीना म्हणाली, काढून टाका आक्का, उगाच त्रास. पण प्रज्ञाची परीक्षा जवळ आलीय, आणि परीक्षेआधी ती इथंच येऊन बसते. गेल्या रविवारी आली. क्षणभर दोन्ही खुर्च्यांकडे बघत उभी राहिली, मग डावीकडच्या खुर्चीत बसली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत कागदावरच्या बटणांवरून बोट फिरवायला लागली. मी चहासाठी दूध ठेवलं. ते चढलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "दूध वर आलं."

"पाहिलं, आक्का," ती म्हणाली. कागदावरची नजर न काढता.

मी गॅस बंद केला.