देवघरातला माझा दिवा

जबड्याचे दुखणे बाहेरून दिसत नाही; त्यामुळे ते लोकांना खरे वाटत नाही, अशी माझी तक्रार असे. कानाच्या पुढे बोट ठेवून तोंड उघडले की जिथे हालचाल जाणवते, तो जबड्याचा सांधा. माझा उजवा सांधा घास चावताना कटकट वाजे, जांभई अर्ध्यावर अडके आणि कळ कानशिलापर्यंत चढे. माझे आयुष्य शाळेत शिकवण्यात गेले. निवृत्तीनंतर तोच आवाज मी रोज संध्याकाळी देवासमोर स्तोत्र म्हणण्यासाठी वापरू लागले. तोंड उघडेनासे झाले, तेव्हा मी स्तोत्र बंद केले. दुखत होते हे खरे; पण मी देवावर रुसले होते, हे त्याहून खरे. इतक्या नेमाने म्हटले, तरी माझ्याच वाट्याला हे का, असे मनाशी घोळवत मी दात आवळून बसत असे.

पेणच्या दंतवैद्यांनी नेमके तेच सांगितले. "तुम्ही दात आवळता. ओठ मिटलेले, दात सुटे, एवढे दिवसभर लक्षात ठेवा." मऊ खाणे आणि हलका व्यायाम सांगून ते म्हणाले की, घरी लाल प्रकाशाचा दिवा वापरून पाहा; काहींना आराम पडतो, खात्री देता येत नाही. माझ्या मुलीने तसा दिवा पाठवला. डोळ्यांवर काळा चष्मा लावायचा, डोळे मिटायचे आणि दिवा सांध्यापासून थोड्या अंतरावर धरून स्वस्थ बसायचे, अशी त्याची रीत. त्याची वायर आखूड होती. अष्टमी गावातल्या माझ्या घरात सोयीच्या उंचीवर एकच प्लग आहे, देवघराजवळचा. तिथे देवाचा छोटा लाल बल्ब जळत असे. तो काढून मी माझा दिवा लावला. तेव्हा मला काहीच वाटले नाही, याची आज लाज वाटते.

शेजारच्या पार्वतीवहिनी मूळच्या धरमतर खाडीकडच्या. त्यांना खिडकीतून एवढेच दिसे: तिन्हीसांजेला बाई देवासमोर बसलेल्या, चेहऱ्यावर लाल उजेड आणि तोंडातून शब्द नाही. काळा चष्मा मोतीबिंदूचा असेल, असे त्यांनी ठरवून टाकले. एकदा फाटकाशी त्यांनी विचारले, "बाई, मौन धरलंय काय?" बोलण्याचा त्रास वाचेल म्हणून मी मान हलवली. तेवढी एक मान हलली आणि आमच्या आळीत मी साधक झाले. नळावर कोणी मोठ्याने बोलले, की वहिनींचा आवाज येई, "हळू गो! बाईंचं मौन चाललंय. तोंड हाय का भोंगा?" मला ते ऐकू येई, बरेही वाटे आणि मी गप्प राहत असे.

त्याच सुमारास वहिनींची सून दिवस भरायच्या आतच पेणच्या दवाखान्यात दाखल झाली. एका संध्याकाळी मी दिवा लावून बसले असताना वहिनी आत आल्या आणि माझ्याजवळ जमिनीवर बसल्या.

"बाई, बोलू नका. नुसतं ऐका. बाळाचे ठोके मधेच कमी होतात म्हणतात. माझा लेक दवाखान्यात बसून हाय. मला इथं सुचत नाय. तुमचं देवाशी जुळलंय, सुनेचं नाव तेवढं घाला त्याच्या कानावर."

मी चष्मा काढून डोळे उघडले. वहिनींनी हात जोडले होते आणि त्यांची नजर माझ्या दिव्यावर होती. त्या क्षणी मला जी लाज वाटली, तशी पूर्वी कधी वाटली नव्हती. मी दिवा बंद केला.

"वहिनी, हे मौन नाही. हा दिवा जबड्यासाठी आहे. देवाचे नाव मी कित्येक दिवसांत घेतलेले नाही."

वहिनींनी जोडलेले हात खाली घेतले. "म्हंजे इतके दिस मी तुमच्या दाढेला हात जोडले?"

"हो."

मला वाटले, त्या उठून जातील. त्या उठल्या, पण देवघराकडे वळल्या. माझ्या दिव्याची पिन ओढून त्यांनी देवाचा बल्ब लावला. "मग आता घ्या नाव."

"तोंड उघडत नाही हो."

"उघडतंय तेवढ्यात घ्या. देव काय बहिरा हाय?"

मी स्तोत्र सुरू केले. मुलांचे उच्चार सुधारण्यात हयात घालवलेल्या माझ्या तोंडून अक्षरे चेंगरून बाहेर पडत होती. सुरुवातीला त्याचीही शरम वाटली. मग मी वहिनींच्या सुनेसाठी आणि तिच्या बाळासाठी म्हणत राहिले आणि माझी तक्रार करायची राहूनच गेली. कळ होती, पण दात सुटे होते, हे मला शेवटच्या ओळीनंतर कळले.

वहिनी सकाळच्या गाडीने पेणला गेल्या. बाळ पहाटेच झाले होते, नाजूक होते, काही दिवस त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागले. मग मायलेकी सुखरूप घरी आल्या. माझा सांधाही हळूहळू मोकळा झाला. ते दिव्यामुळे, व्यायामामुळे की आणखी कशामुळे, हे मी सांगू शकत नाही. सांगण्याचा माझा अधिकारही नाही. दिवा मी अजून वापरते, दुसऱ्या खोलीत.

बारशाला वहिनींनी मला पाळण्याशी ओढले. "लेकाला बहीण नाय. आत्या तुम्हीच."

मी सर्वांसमोर म्हणाले, "आधी ऐका, मी मौनात नव्हते."

"ठाव हाय सगळ्यांना. मीच सांगितलं. वाका आता!"

बायका हसल्या. मीही हसले, तोंड उघडून. मग वाकून बाळाच्या कानाशी तोंड नेले आणि कुर्र करून नाव सांगितले. देवाने मला काय द्यावे, हे मी फार वर्षे त्याला शिकवत आले होते. आता ते त्याच्यावर सोडले आहे. रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. वहिनींचा धपाटा सर्वांत जोरात बसला. तो मी मान खाली घालून, आनंदाने घेतला.