निम्मं कुरुंदवाड संपवणारी काकी

आमच्या थोरल्या काकीनं जितकी माणसं मारली, तितकी कोल्हापुरात आजवर दुसऱ्या कुणी मारली नसतील. तीही भरदुपारी, सोप्यात बसून, मांडीवर शेंगांचं सूप घेऊन. तिच्या हातून मेलेल्यांत डॉक्टर होते, जमीनदार होते, प्रेमात पडलेली तरणीताठी पोरं तर किती होती त्याची गणतीच नाही, आणि एका उन्हाळ्यात तिनं नदीकाठचं एक गाव निम्मं रिकामं करून टाकलं. हे सगळं ती पुस्तकातून करायची. सत्तरीच्या दशकातली गोष्ट आहे. आमच्या गल्लीत टीव्ही यायला अजून अवकाश होता, आणि दुपारची जेवणं उरकली की बायका वाकळ शिवायला, शेंगा फोडायला आमच्या सोप्यात जमायच्या. चौथीपर्यंत शिकलेली काकी दोन घरं पलीकडून, एक काडी मोडलेला चष्मा दोऱ्यानं कानाला बांधत यायची आणि वाचनालयातून आणलेली कादंबरी मोठ्यानं वाचून दाखवायची. तिचा आवाज इतका खणखणीत होता की गल्लीच्या तोंडाशी बसलेल्या चांभारालाही कथानक ठाऊक असायचं.

तिचं वाचन ऐकणं म्हणजे एक दिव्यच होतं. पात्रांशी ती भांडायची. नायिका चुकीच्या माणसावर भाळायला लागली की काकी पुस्तकातून डोकं वर काढून तिला दम द्यायची, “आगं भवाने, डोळं फुटलं काय तुजं?” प्रेमाची वर्णनं ती दोन वाक्यांत उरकायची. “पुढं काय झालं आसंल ते तुमास्नी ठावं हाय,” म्हणायची आणि चार पानं उलटायची. उलट कुणाचा जीव टांगणीला लागला की नेमकं तिथं पुस्तक मिटून म्हशीला वैरण घालायला उठायची. बायका सुया हातात धरून तशाच बसून राहायच्या. आणखी एक म्हणजे तिनं वाचलेली प्रत्येक कादंबरी आमच्याच जिल्ह्यात घडायची. नायक रुसून घर सोडायचा तो मिरजेला जायचा, नायिकेचं आजोळ पेठ वडगावला असायचं, आणि फसवणारा सावकार हमखास कसबा बावड्याचा निघायचा. लेखक मंडळींना आमच्या भागाचं एवढं प्रेम का, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही. मी कॉलेजात शिकत होते, पण मलाही नाही. पुस्तकाला हात लावायची परवानगी फक्त तिला होती. “दुसऱ्याच्या हाताचं त्याल लागतंय,” असं म्हणून ती ते फडक्यात बांधून घरी न्यायची.

त्या उन्हाळ्यात तिनं ती भुताची कादंबरी आणली. दोन नद्यांच्या संगमावरचं एक लहानसं गाव. घाटाजवळच्या बंद घरात कुणी अनोळखी माणूस राहायला येतो, आणि त्यानंतर गावातलं एकेक घर ओस पडायला लागतं. मेलेली माणसं परत येतात, ओळखीच्याच चेहऱ्यानं दारात उभी राहतात आणि अगदी नम्रपणे विचारतात, “येऊ का आत?” घरातल्यांनी “या” म्हटलं की खेळ खलास. “या” म्हटल्याशिवाय मात्र त्यांना उंबरा ओलांडता येत नाही. काकीनं पहिलंच पान उघडलं आणि जाहीर केलं, “गाव कुरुंदवाड.” तिथंही संगम आहे, जुने घाट आहेत, कुणालाच शंका आली नाही.

आता दारात आलेल्याला “या की पावणं” म्हटल्याशिवाय ज्या गावात श्वास घेत नाहीत, त्या गावाला असलं भूत म्हणजे केवढं संकट! पाचसहा दुपारींतच गल्लीची दातखीळ बसली. शिकलगारांच्या भाभीनं दर्ग्यातून ताईत आणला, तो घरातल्या कुणाला न बांधता काकीकडून पुस्तकालाच काळ्या दोऱ्यानं बांधून घेतला. कुणी मुखपृष्ठावर लांबूनच हळदकुंकू वाहिलं. वाचनालयातल्या गृहस्थांनी मुदत वाढवून देताना विचारलं, “बाई, ही कादंबरी आहे का पोथी?” काकी म्हणाली, “पोथीला कोन भितंय? कादंबरी हाय म्हनून तर हळद.” समोरच्या घरात एक नामांकित पैलवान राहायचे, मान अशी की फेटा आणि खांदे यांच्यात काही दिसतच नसे. ते एकदा बायकोला बोलवायला आले, दारात उभ्याउभ्या त्यांच्या कानावर अर्धं पान पडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरी कडी वाजली की पैलवान स्वयंपाकघरात आणि बायको दारात. बावड्याहून दूध घालायला येणारी बाई हाका मारून घायकुतीला यायची. शेवटी गल्लीनं एक तोड काढली. “या” म्हणायचंच नाही. “दार उघडं हाय, फुडलं तुमचं तुमी बगा,” एवढंच म्हणायचं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होते, तोवर मला स्थळ आलं. कुरुंदवाडचं.

मुलगा पाटबंधारे खात्यात होता. पेठ वडगावला एका लग्नात मी त्याला पाहिलं होतं. पंगतीत वाढप्यानं आग्रहानं तिसरी जिलबी वाढली तेव्हा नाही म्हणता येईना म्हणून तो इतका अवघडून हसला, की तो मला तिथंच आवडला. घरात कुणाला सांगायची सोय नव्हती. वडिलांनी पाहुण्यांना बघायला या म्हणून निरोप धाडला आणि आईच्या तोंडचं पाणी पळालं. तोपर्यंत काकीच्या कादंबरीत कुरुंदवाडच्या तीन आळ्या संपल्या होत्या. आई तिला बाजूला घेऊन म्हणाली, “आक्का, खरं सांगा, पुस्तकात कुरुंदवाडच हाय?” काकीनं चष्मा कपाळावर चढवला. “मग मी काय खोटं वाचतीया व्हय?” झालं. त्या एका वाक्यानं माझ्या लग्नावर पाणी पडायची वेळ आली. बायका मला डोळे भरून बघायला लागल्या. पैलवानांच्या बायकोनं तर जवळ घेऊन विचारलं, “दुसरं कुठलंच मिळंना गं पोरी तुला?” मला हसावं की रडावं कळेना, आणि दोन रात्री मी खरंच रडले.

पाहुणे आले ते चुकीच्या वेळी. वडील आणि काका त्यांना आणायला एस्टी स्टँडवर गेले होते, आणि पाहुणे कुणाच्या तरी जीपमधून थेट घरापाशी उतरले. सोप्यात आई आणि वाकळ मांडीवर घेतलेल्या चारपाच बायका. मी नवी साडी नेसून आतल्या दाराच्या पडद्याआड. मुलाचे वडील पायरीवर आले, त्यांनी चपला काढल्या, फेटा सारखा केला आणि हात जोडून अदबीनं विचारलं, “यावं का आत?”

कुणी बोलेना. आईनं हातातला तांब्या छातीशी धरला. दूधवालीसाठी काढलेली तोड होती, पण खुद्द कुरुंदवाडच्या माणसाला तेवढंही म्हणायची कुणाची छाती होईना. शिकलगार भाभीच्या तोंडून “या अल्ला” निघणार होतं, तिनं वेळीच पदर तोंडात कोंबला. मुलाच्या वडिलांना वाटलं ऐकू गेलं नसावं. ते आणखी गोड आवाजात म्हणाले, “म्हटलं, येऊ का आत?” त्यांचा तो गोडवा बघून पैलवानांची बायको भिंतीला चिकटली. वैशाखातलं ऊन, अनवाणी पायाखाली तापलेली फरशी, आणि गृहस्थ एकदा हा पाय एकदा तो पाय उचलत उभे. शेवटी मुलाचे मामा मागून म्हणाले, “चला दाजी. कोल्हापुरात येऊन दारातनं परत जायची पाळी आजवर कुनावर आली नसंल. ह्यास्नी सोयरीक नको हाय, तोंडानं सांगायचं धाडस न्हाय.” मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. त्यांनी चपलेत पाय घातला. मुलगा मागं वळून घराकडे बघत होता. माझा सगळा संसार त्या उंबऱ्याबाहेर उन्हात उभा होता, आणि मला पडदा सोडून पुढं व्हायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात आपल्या घरचं म्हशीचं काम आटोपून, ओल्या हातांनी, परसदारानं काकी आली. तिनं सोप्यातल्या बायका पाहिल्या, आईचा चेहरा पाहिला, दारातली पाठमोरी माणसं पाहिली, आणि काय झालं ते तिला एका क्षणात कळलं. तिच्या खणखणीत आवाजात ती ओरडली, “या! या पावणं, या! उनात कशापायी हुबं ऱ्हायलासा?”

सोप्यात किंकाळी उठली. कुणाच्या बोटात सुई घुसली, तांब्या गडगडत गेला, बायकांनी पाय वर घेतले. आई म्हणाली, “आक्का, हे काय केलासा!” काकी सोप्याच्या मधोमध उभी राहिली. तिला भुताची भीती कधीच वाटली नाही, पण पुढचं वाक्य बोलायच्या आधी तिनं ओले हात पदराला तीनदा पुसलेले मी पडद्यामागून पाहिले. “काय व्हत न्हाय,” ती म्हणाली. “पुस्तकात कुरुंदवाड न्हाईच. ते मी घातलं. समदी गावं मीच घालती. आजपातूर घालत आली.”

एवढा वेळ भुतानं जे केलं नव्हतं ते या वाक्यानं केलं. बायकांनी मांडीवरची वाकळ बाजूला सारली. पाहुण्यांना काहीच कळेना, म्हणून काकीनं त्यांना पाटावर बसवून, पाणी देऊन सगळी हकिगत सांगितली. भूत, संगम, घाट, “या” म्हणण्याची भानगड, सगळं. मुलाचे वडील आ वासून ऐकत राहिले. मग त्यांनी गंभीरपणे विचारलं, “म्हंजे आमच्या गावातली किती मानसं मारलासा तुमी?”

“निम्मं गाव संपलं की,” काकी खाली बघत म्हणाली.

“आनि घाटाच्या वरली आळी?”

“ती हाय अजून.”

“मग काय न्हाय,” म्हणून ते मोठ्यांदा हसले. “आमचं घर तिथंच हाय.” वडील आणि काका स्टँडवरून धापा टाकत परतले तेव्हा पाहुणे पोहे खात होते आणि सोयरीक जवळजवळ ठरली होती.

पण गल्लीनं काकीला माफ केलं नाही. बायकांना भुतापेक्षा हा धक्का मोठा होता. प्रत्येकीला जुनं काही ना काही आठवायला लागलं. “म्हंजे मागल्या पुस्तकातली ती बावड्याची पोरगी बावड्याची नव्हतीच?” पैलवानांच्या बायकोनं विचारलं. “तिला नवरा परत मिळावा म्हनून मी शुक्रवार धरलेतं की ओ!” आईनंही चार दिवस अबोला धरला, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. शेवटी ठरलं की यापुढं काकीनं जे छापलंय तेच वाचायचं. काकीनं वाचलं. लांबलचक नावांची माणसं, कुठलंसं न ऐकलेलं गाव. तिचा आवाज तोच होता, पण ती वाचताना कुणाशी भांडत नव्हती, मधेच उठतही नव्हती. कुणालाही भीती वाटली नाही. हळूहळू एकेक बाई काम काढून यायची थांबली. मग काकीनं पुस्तक वाचनालयात परत केलं आणि दुसरं आणलं नाही. माझ्या हळदीच्या दिवशी मी तिला विचारलं, तर म्हणाली, “डोळं दुखत्यात आताशा.” माझ्यासाठी तिनं काय घालवलं ते मला तेव्हा कळलं, आणि तिच्या गळ्यात पडण्याशिवाय मला काही सुचलं नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला मला माहेरी न्यायला भाऊ यायचा, तर हट्टानं काकीच आली. माझ्या सासूनं तिच्यासाठी आधीच बेत करून ठेवला होता. घाटावरच्या आळीतल्या बायका दुपारी गोळा केल्या, आणि कुरुंदवाडच्या वाचनालयातून तीच कादंबरी मागवली. “वाचा,” सासू म्हणाली. काकी नको नको म्हणाली. मग चाचरत विचारलं, “गाव कुटलं घालू?” सासू म्हणाली, “कोल्हापूर घाला की! आता तुमची पाळी.”

काकीनं चष्म्याचा दोरा कानाला गुंडाळला आणि वाचायला लागली. काय वाचली ती त्या दिवशी! भूत आमच्या गल्लीत शिरलं. शिकलगारांचं घर गेलं, पैलवान स्वयंपाकघरात सापडले, चांभार गेला, काकीचं स्वतःचं घरही म्हशीसकट गेलं. कुरुंदवाडच्या बायका एकमेकींना धरून ओरडत होत्या, आणि मी कोपऱ्यात बसून ढसाढसा रडत होते, कारण एकेका घराचं नाव कानावर आलं की ते दार, ती पायरी डोळ्यांपुढं येत होती. भूत आमच्या घरापाशी आलं. काकी क्षणभर थांबली, तिनं पान उलटलं, आणि भूत सरळ पंचगंगेकडे निघून गेलं.

एस्टीत मी तिला विचारलं, “काकी, आमचं घर का सोडलंस?”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुला पंचमीला यायला घर नको व्हय?”

काकी गेली, आई गेली, आणि आता गल्लीतली ती घरं पाडून तिथं मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. ती कादंबरी अजून मिळते म्हणतात. मी काही ती घेतली नाही. तिच्यात आमची गल्ली नाही.