बिनतेलाची मंडई

धानाच्या गिरणीमागं कोंड्याचा ढीग साचतो ना, तसे हे किस्से आमच्याकडं साचले आहेत. कोणी मुद्दाम जमा केले नाहीत. गिरणी चालू होती, आम्ही खाली उभे होतो, डोक्यावर पडत गेले! आता पोट्टे विचारतात, "दसरूभाऊ, यातलं खरं किती अन् तुमचं किती?" मी म्हणतो, बापा, तांदूळ होता तो लोकं घेऊन गेले. माझ्याजवळ कोंडाच आहे. घ्यायचा तर घे!

मी सातवी नापास. पण आमची कंपनी मोठी होती. ती इस्तारीच्या ओसरीवर बसायची. इस्तारीकडं थोडं धान होतं, एक शिलाई मशीन होती, अन् गावच्या नाटकमंडळाचा मालक, मॅनेजर आणि राजा तोच होता. राजा म्हणजे नाटकातला. बाकीच्या वेळी तो लोकांच्या चड्ड्या शिवायचा. माझ्याकडं पडदा ओढायचं खातं होतं. डोकं लागत नाही, दोर लागतो!

आमचं गाव आंधळगावच्या थोडं पलीकडं. तेव्हा लाइटीचे खांब आले होते, तारा आल्या होत्या, करंट तेवढा यायचा राहिला होता. चिमणी, कंदील, स्टो, गॅसबत्ती, सगळं मातीतेलावर. तुम्ही त्याला रॉकेल म्हणा.

*

आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट आहे, म्हणजे लोकं पुन्हा मोठ्यानं शिव्या द्यायला लागले होते. दिवाळी झाली अन् तिकडं आंध्राच्या किनाऱ्यावर भयंकर वादळ आलं. आमच्याकडं त्याची नुसती शेपटी पोचली. झड लागली, उभं धान आडवं झालं. पण तिकडं समुद्रानं गावंच्या गावं नेली होती. रेडिओ ऐकून सगळ्यांचे डोळे भरून आले.

शाळेत गुरुजींनी सभा घेतली. "ते परके नाहीत, आपले भाऊ आहेत!" बाया रडल्या. घरोघरून तांदूळ आला, लुगडी आली. राशन दुकानवाल्या धन्नूशेटनंसुद्धा एक धोतर दिलं. कुठं फाटलं आहे ते दिसू नये, अशी घडी घालून दिलं.

मग बातमी आली. तिकडची रेल्वे लाइन उखडली, तेलाचे वॅगन अडकले, अन् आपल्याकडं येणारे टँकर तिकडं वळवले.

झालं! ज्या बुधाजीनं सगळ्यांत जास्त तांदूळ दिला होता, तो सकाळीच गुरुजींच्या दारात.

"गुरुजी, ते पोतं रवाना झालं का जी?"

"नाही अजून. उद्या जाईल."

"मंग माहे तांदूळ काढून द्या. भाऊ होते तवा देल्ले होते!"

*

आता इस्तारीची अडचण ऐका.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार अन् दंडारीचा नाचगाण्याचा खेळ, रात्री नाटक. पाव्हणे येतात, अन् पोरापोरींच्या सोयरिकी तिथंच जुळतात. इस्तारीची सुमन लग्नाची होती. करडीचा एक पोरगा तिला पसंत होता, त्याला ती पसंत होती. अडून बसला होता पोराचा बाप, डोमाजी. असा चिकट माणूस, की भिंतीवर फेकला तर खाली पडणार नाही!

डोमाजी म्हणाला होता, "मी पोरगी पाहत नाही, घराची ऐपत पाहतो. तुमचं नाटक नाटक म्हणतात ना? मंडईले येतो. नाटक पाहू, मंग बोलू."

म्हणजे नाटक नाही तर सोयरीक नाही. अन् नाटकाला गॅसबत्त्या लागतात. अन् गॅसबत्त्यांना काय लागतं, ते तर वादळानं नेलं!

सुमन म्हणाली, "बा, त्यायले माह्या हातचा सयपाक खाऊ घाला. नाटक काहून दाखवता?"

इस्तारी छाती काढून म्हणाला, "सयपाक तं सगळ्यायच्याच पोरी करतात. बाप राजा कोणाचा आहे?"

*

राशन दुकानासमोर माणसं उभी राहत नव्हती, डबे उभे राहत होते. ज्याचा त्याचा डबा, त्यावर ज्याची त्याची खूण. कोणी चिंधी बांधे, कोणी आत चप्पल ठेवे. मालक घरी झोपून, डबा लाइनीत! कोणी कोणाचा डबा हलवत नसे. देवाला भीत नव्हते इतके लोकं डब्याला भीत होते.

मला राहवलं नाही. एका सकाळी मी चार फुटके डबे घेतले अन् बंद असलेल्या गुरांच्या दवाखान्यासमोर ओळीनं मांडले. बस. बाकी काही केलं नाही. बाजूच्या झाडाखाली बिडी ओढत बसलो.

पहिली बाई आली. डब्यांकडं पाहिलं, इकडंतिकडं पाहिलं, पळत गेली अन् आपला डबा घेऊन आली. तिला पाहून दुसरी आली. दुपारपर्यंत लाइन मारुतीच्या देवळाला वळसा घालून गेली! नंबरावरून दोन भांडणं झाली, एकाचा सदरा फाटला. इस्तारीला शिवायचं काम मिळालं. तोही डबा घेऊन उभा होताच.

मग सायकलवर गुरांचे डॉक्टर आले. गर्दी पाहून गरीब माणूस घाबरला.

"कायची लाइन आहे?"

"नाटक नका करू जी! दार उघडा अन् वाटा!"

डॉक्टरनं दार उघडलं, पिशवीतून चिमटा काढला, अन् म्हणाला, "आज गोऱ्हे खच्ची करायचा दिवस आहे. पहिला नंबर कोणाचा?"

लाइन सरकली नाही! भांडून पहिला नंबर मिळवलेला बुधाजी हात जोडून म्हणाला, "जे करायचं ते करा डाक्टरसायेब, पण आधी तेल द्या!"

*

गुरुजींकडं गावातला पहिला स्टो होता. "चुलीचा धूर म्हणजे मागासलेपणा," असं ते भर सभेत म्हणायचे. आता स्टो थंड पडला, अन् घरात चूल नव्हती. गुरुजींनी मुकाट्यानं तीन दगड मांडले. पण पेटवायला गोवऱ्या कोणाकडं मागायच्या? ज्यांना मागासलेले म्हटलं, त्यांच्याकडंच!

एका दिवशी ते गोठ्याच्या बोळातून निघाले. खांद्याला शाळेची पिशवी, पिशवी फुगलेली.

मी आडवा गेलो. "पुस्तकं काय गुरुजी?"

"हो हो. शाळेची."

"कोणत्या वर्गाची जी?"

"चौथीची."

मी पिशवीला नाक लावलं. "यंदा चौथीचं पुस्तक एकदम ताजं निघालं गुरुजी! आताच गाईनं छापलं दिसते!"

*

लोकांची ओरड भंडाऱ्यापर्यंत गेली. मग पुरवठ्याचे एक सायेब दौऱ्यावर निघाले. आधी कारध्याला गेले, तुटवडा नाही म्हणून सांगून आले. मग आमच्याकडं यायला लागले, तर गावाच्या अलीकडं शेतात जीप बंद! पेट्रोल खतम.

बुधाजीचं खासर तिकडून धानाचे भारे घेऊन येत होतं. खासर म्हणजे आमची ओझ्याची बैलगाडी. भाऱ्यांवर सायेबाला बसवलं. अशी मिरवणूक मी पाहिली नाही! सायेब वर, टाय हवेत, कुत्रे मागं.

चावडीसमोर सायेबानं कपड्यांतलं तणस झटकलं अन् भाषण सुरू केलं. "परिस्थिती पूर्ण नियंत्रणात आहे. इंधनाचा कुठंही तुटवडा नाही. लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये."

मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग बैल काहून दमले सायेब?"

सायेबानं ऐकलं नाही. मोठ्या माणसाला मागचं ऐकू येत नाही. इस्तारी पुढं झाला. पोरीच्या सोयरिकीचं सांगितलं, नाटकाचं सांगितलं, चार गॅसबत्त्यांपुरतं तेल मागितलं. सायेब म्हणाले, "अर्ज करा. दोन प्रतीत."

सभा संपली. सायेबानं इस्तारीलाच बाजूला घेतलं. आवाज खाली. "अहो, गावात कोणाकडं फटफटी आहे का? जीपसाठी थोडं पेट्रोल मिळेल?"

इस्तारी राजाच्या आवाजात म्हणाला, "अर्ज करा सायेब! दोन परतीत!"

*

मंडई जवळ आली अन् इस्तारीचं जेवण कमी झालं. कपडे उलटे शिवायला लागला. गुरुजींच्या पँटीचा खिसा आतून न लावता बाहेरून लावला. सुमन ते पुन्हा उसवत बसे.

तेल होतं, बरं का. धन्नूशेटकडं होतं. दुकानावर पाटी 'तेल संपले', पण शेटच्या घरी चिमणी ढणढण जळे. आता शेटच्या घरात कोण शिरणार? मी शिरलो नाही. मी नुसता न्हाव्याकडं दाढी करायला गेलो.

साबण लावता लावता न्हाव्याच्या कानात सांगितलं, "कोणाले सांगू नको. उद्या सरकारी टँकर येऊन राहिले. इतकं तेल, की फुकट वाटतील. ज्याच्याकडं जुना माल आहे, त्याले कोणी विचारन बी नाही."

माझी अर्धीच दाढी झाली होती, अन् न्हावी अर्जंट काम आहे म्हणून उठला!

संध्याकाळ व्हायच्या आत शेटचं दुकान उघडं. शेट हसून म्हणतो, "आत्ताच आठवलं हो, मागच्या खोलीत एक ड्रम राहून गेला होता!"

गाव तुटून पडलं. कोणी हंडा आणला, कोणी भाताचा गंज आणला, बुधाजीनं तर पोराच्या आंघोळीची बालदी आणली. अन् नेमका इस्तारी त्या वेळी राजाचा अंगरखा शिवत होता. धावत आला तेव्हा ड्रम उलटा केला होता. एक बाटली भरली. चार गॅसबत्त्यांना एक बाटली! माझ्याच चाळ्यानं तेल निघालं, अन् ज्याला पाहिजे त्यालाच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेट काठी घेऊन माझ्या दारात. "दसऱ्या, टँकर कोठी आहेत?"

मी कपाळावर हात मारला. "शेटजी, मले बी आत्ताच आठवलं हो! ते पुढच्या महिन्यात आहेत!"

*

मग नाटक दिवसा करायचं ठरलं. बाजार उठायच्या आधी, भर उन्हात. दुसरा इलाज नव्हता. डोमाजी नदी ओलांडून आला होता, पोराला घेऊन पुढच्या चटईवर बसला होता.

आता खरं सांगू का? गॅसबत्तीच्या उजेडात आमचं नाटक लय मोठं होतं. उन्हात पाहिलं तर राणी झालेल्या फागोच्या गालावर दाढी, महालाच्या भिंतीवर खताच्या पोत्याची अक्षरं, अन् राजाचा मुकुट सिगारेटच्या चांदीचा!

राजा अरण्यात वाट चुकतो, असा सीन होता. इस्तारी कंदील घेऊन आला. आकाशाकडं पाहिलं, डोळे दिपले, तरी म्हणाला, "अमावस्येची काळरात्र! प्रधानजी, मला माझा स्वतःचा हात दिसत नाही!"

बुधाजी खालून ओरडला, "मले तं सबन काही दिसून राहिलं! गळ्यातला टेप काढाले विसरला तू!"

लोकं लोळायला लागले. इस्तारी हलला नाही. टेप अंगरख्यात सारला अन् पुढचं वाक्य घेतलं. डोमाजी मात्र हसत नव्हता. सुमन बायांमध्ये मान खाली घालून बसली होती. मला वाटलं, गेली सोयरीक.

तेवढ्यात एका बाईनं नाक वर केलं. मग दुसरीनं. एवढ्या दिवसांत सगळ्यांची नाकं तयार झाली होती.

"अवो माय! तो कंदील खराच जळून राहिला!"

खराच जळत होता! मी इस्तारीला सकाळीच म्हटलं होतं, उन्हात कोणाला कळते, रिकामाच ने. तर म्हणे, "राजाच्या हातात इझलेला कंदील? पब्लिकशी लबाडी नाही करत मी!" अन् ती एकुलती एक बाटली त्यानं कंदिलात ओतली होती.

पब्लिक उभं राहिलं. "आमच्या घरी लेकरं अंधारात जेवतात, अन् हा सूर्याले कंदील दाखवून राहिला!" कोणी चप्पल काढली. मी पडद्याचा दोर धरला. तर डोमाजी उठला अन् सरळ स्टेजवर चढला.

त्यानं राजाच्या हातातून कंदील घेतला. फुंकर मारून विझवला. कानाजवळ धरून हलवला. आत तेल डुचमळलं. डोमाजीच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलं.

"भर उन्हात तेल जाळते हे घर! अशी ऐपत मी पाहिली नाही. सोयरीक पक्की समजा. चालू द्या नाटक!"

अन् कंदील घेऊन खाली उतरला, मांडीत धरून चटईवर बसला.

तेव्हा बायांमधून सुमन उभी राहिली. इतकी मंडई भरलेली, पाव्हणे बसलेले, पण पोरगी बोलली.

"बा, त्यायले इचारा. पोरगी पायजे का कंदील? एकच भेटन!"

डोमाजीनं सुमनकडं पाहिलं. मग कंदिलाकडं पाहिलं. मग पुन्हा कंदिलाकडंच पाहत राहिला!

शेवटी त्याचा पोरगा, म्हणजे आजचा आमच्या गावचा जवाई, शरमेनं लाल होऊन उठला. "बाबा, द्या तो इकडं! आपल्या घरी दोन कंदील आहेत ना!"

डोमाजीनं कंदील आणखी घट्ट धरला.

"कंदील आहेत बे! तेल कोठी आहे?"