गोकर्णाला जाते म्हणालेली त्रिवेणी

आमच्या विद्यानगरच्या घराला आणि शेजारच्या घराला मिळून गच्ची एकच. त्यामुळे त्रिवेणी समुद्रावर निघालीय ही बातमी तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळली, यात माझा काही गुन्हा नाही. दोरीवर गुडघ्यापर्यंतची, निळ्या फुलाफुलांची एक चड्डी वाळत होती. त्या घरात अशी चड्डी घालेल असं मला कुणी आठवेना.

"कुणाची गं ही?"

"माझी. हळू बोला ना वहिनी!"

त्रिवेणी पन्नाशीची. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात नोकरी, हातात सदा कुठली तरी फाईल नाहीतर पोळपाट. लग्न होऊन या घरात आली त्याला सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत ती हैदराबादच्या बाहेर गेली ती नांदेडच्या मुंजींना आणि लातूरच्या लग्नांना, तेही सगळ्यांच्या दशम्या स्वतः करून आणि स्वतः वाहून. समुद्र तिनं पाहिलेला नव्हता. पाणी म्हणाल तर हुसेनसागर, आणि त्यात कोण उतरतं!

जामबागच्या मराठी शाळेतल्या तिच्या तीन मैत्रिणी, केतकी, कविता आणि विमल, गेली अकरा वर्षं समुद्रावर जायचं म्हणत होत्या. कधी कुणाच्या मुलाची दहावी, कधी कुणाच्या सासऱ्याचा मोतीबिंदू. यंदा केतकीनं कुणाला न विचारता गोकर्णाजवळच्या कुडले किनाऱ्यावर चौघींसाठी झोपडी ठरवूनच टाकली. संक्रांत झाली की निघायचं, चार दिवस पाण्यात डुंबायचं, दुसरं काही करायचं नाही.

"वहिनी, चार दिवस मला कुणी 'अगं' म्हणून हाक मारायची नाही," त्रिवेणी मला म्हणाली. "नावानं मारा, नाहीतर मारूच नका. एवढंच पाहिजे मला."

आता हे घरी सांगायचं कसं? सासरे नामदेवराव महसूल खात्यातून निवृत्त झाले त्याला पंचवीस वर्षं उलटली, पण त्यांच्या मंजुरीवाचून त्या घरात गॅसची टाकीसुद्धा बदलत नाही. जेवायची वेळ होती. मी त्यांचं पातेलं परत द्यायला गेले होते. (पातेलं सकाळीही देता आलं असतं, पण मग पुढचं ऐकायला कोण जाणार?)

"मामंजी, मैत्रिणींबरोबर चार दिवस गोकर्णाला जाऊन येऊ का?"

ती खोटं बोलली नाही हं. पूर्ण बोलली नाही, इतकंच. नामदेवरावांनी घास ताटात ठेवला आणि हात जोडले. "गोकर्णाचा महाबळेश्वर! साक्षात शंकराचं आत्मलिंग! अगं, विचारतेस काय? जा, जा. मंजूर."

त्रिवेणीचे कान लाल झालेले मला दिसले आणि माझ्या जिभेला खाज सुटली. म्हटलं, "पण तुम्ही मैत्रिणीच कशा जाता? सासूबाईंनाही ने की. हात धरून तीर्थाला नेणारी सून आजकाल मिळते कुठं!"

मी गंमत केली होती. सावित्रीबाई एकोणऐंशीच्या. गुडघ्यांपायी पाच वर्षं त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. कुणी कुठंही बोलावलं की त्यांचं ठरलेलं उत्तर, "नक्को गं बाई." हेच उत्तर येणार म्हणून मी दारात उभी.

सावित्रीबाई म्हणाल्या, "हौ. येते मी."

त्रिवेणीच्या हातातली वरणाची पळी तशीच राहिली. तिनं माझ्याकडं पाहिलं. ते बघणं मला अजून गिळता येत नाही.

मग गल्लीला वारा लागला. आमच्याकडं कुणी तीर्थाला निघालं की अभिषेकासाठी आपलं नाव-गोत्र चिठ्ठीवर लिहून द्यायची पद्धत आहे. जाणाऱ्यानं देवापुढं बसून एकेक चिठ्ठी वाचायची, ज्याच्या त्याच्या नावाचा संकल्प सोडायचा. चार दिवसांत त्रिवेणीच्या पर्समध्ये त्रेचाळीस चिठ्ठ्या जमल्या. एक माझीही होती. आता इतकं केल्यावर मीच तेवढी का राहू? सासूबाईंनी बेगम बाजारातून कापूर, सुपाऱ्या, वस्त्रमाळा असं सगळं घाऊक आणवलं. ती पिशवी बॅगेत मावेना, तेव्हा बॅगेतून काय निघालं असेल ते तुम्हीच ओळखा. टॉवेल निघाला, टोपी निघाली, गॉगल निघाला. निळी चड्डी तेवढी तिनं साडीच्या घडीत खुपसली.

पुढचं मला केतकीनं फोनवर सांगितलं, आणि केतकीनं गाळलेलं त्रिवेणीनं.

सावित्रीबाई काही किनाऱ्यावरच्या झोपडीत राहणार नव्हत्या. बाजूला मासे तळत होते. त्यामुळे त्या आणि त्रिवेणी गावात, देवळामागं, भटजींच्या घरी उतरल्या. मैत्रिणी टेकडीपलीकडं, चालत वीस मिनिटांवर. झोपडीत चार खाटा, एक रिकामी.

पहिल्या दिवशी त्रिवेणी समुद्रात उतरली. नाही म्हणू नका, उतरली! गावच्या किनाऱ्यावर, नेसत्या साडीनिशी, एका हातानं सासूबाईंचं कोपर धरून. तीर्थस्नान. भटजी काठावरून ओरडत होते, "तीन बुड्या! नाक धरा!" तिसरी बुडी झाली की लगेच बाहेर, कारण आईंना गारठा सोसत नाही. समुद्र कसा होता असं मी विचारलं तेव्हा म्हणाली, "आईंचे पाय बघत होते हो मी. लाट बघायची राहिलीच."

दुसरा दिवस चिठ्ठ्यांचा. सावित्रीबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्रिवेणी वाचणार. त्रेचाळीस नावं, त्रेचाळीस गोत्रं. मोबाईलवर केतकीचे फोटो येऊन पडत होते. तिघी पाण्यात, तिघी शहाळी पिताना, तिघी नुसत्याच वेड्यासारख्या हसताना. माझी चिठ्ठी वाचताना तिला ठसका लागला म्हणे. लागणारच.

तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाईंचा डोळा लागला. त्रिवेणीनं साडीच्या आत चड्डी चढवली आणि जवळजवळ पळतच टेकडी ओलांडली. खाली कुडले किनारा, तिघी गळ्यापर्यंत पाण्यात.

"त्रिवेणे! ये, ये! सोड ती साडी!"

तिनं साडी सोडली, घडी करून खडकावर ठेवली, वर फोन ठेवला. घोट्यापर्यंत गेली, गुडघ्यापर्यंत गेली. चड्डीची निळी फुलं भिजली. कवितानं हात पुढं केला होता, आणि खडकावरचा फोन वाजायला लागला.

विमल ओरडली, "वाजू दे!"

पण आईंना काही झालं असलं तर? ती मागं फिरली. फोन हैदराबादहून. तिचा नवरा हर्षवर्धन. "अगं, आई उठलीय. तू दिसेनास म्हणून तिनं मला फोन केला. कुठंयस तू? तिला चहा पाहिजे. तिकडं चहा कुठं मिळतो?"

सातशे किलोमीटरवरून माणूस विचारतोय, चहा कुठं मिळतो! केतकी पाण्यातून बाहेर आली आणि तिनं फोन हिसकावला, "अहो हर्षवर्धन, भटजींच्या घरी चूल नाही का?" असं चांगलं सुनावलं. तोपर्यंत त्रिवेणी ओल्या चड्डीवरच साडी गुंडाळत होती.

परत आली त्या दिवशी गल्लीतली निम्मी माणसं तिच्या पाया पडली. तीर्थ करून आलेल्याच्या पाया पडतात ना. वर नामदेवरावांनी कागद घेऊन पुढच्या वर्षीची यादी केली. गल्लीतल्या पाच वृद्ध स्त्रिया, मार्गदर्शक सौ. त्रिवेणी. खाली सहीसुद्धा ठोकली.

मला चैन पडेना. गच्चीवर तिला गाठलं, "मी सुटका करते तुझी. देव नसलेला समुद्र शोधू." दोघींनी मोबाईलवर नकाशा उघडला.

"विशाखापट्टण?"

"सिंहाचलम आहे तिथं."

"पुरी नकोच. रामेश्वर नको. कन्याकुमारी?"

"देवीचंच नाव आहे हो वहिनी."

"गोवा गं! गोव्याला कोण देवाला जातं?"

"शांतादुर्गेची ओटी भरायची राहिलीय म्हणतात आई."

एवढा लांबलचक किनारा, पण सावित्रीबाईंच्या देवानं कुठं बोटभर जागा सोडलेली नाही. म्हटलं, "मग खरं सांगून टाक."

तिनं सांगितलं. रविवारी दुपारी, सासूबाई मेथी निवडत होत्या तेव्हा. मी समोरच होते. मेथीला चार हात बरे, म्हणून.

"आई, मी देवासाठी नव्हते निघाले. मला मैत्रिणींबरोबर समुद्रात जायचं होतं. नुसतं. पुन्हाही जायचंय."

सावित्रीबाईंनी मान वर केली नाही. "कळलं होतं की मला. चहा करून दिलास तेव्हा पायाला वाळू होती तुझ्या, गुडघ्यापर्यंत. देवळात कुठून येते एवढी वाळू?"

त्रिवेणीनं पाय साडीखाली ओढून घेतले.

"मी नको म्हणते का? जा की. देव नसला तर नसला." त्यांनी एक काडी मोडली. "मी पण येते. पाच वर्षं भिंत बघतेय ही समोरची. तुझा हात धरून पाण्यात उभी राहिले ना, बरं वाटलं गं. असं कधी वाटलं नव्हतं."

मला बोलायला शंभर गोष्टी सुचल्या. एकही बोलले नाही. माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असेल.

त्याच आठवड्यात केतकीचा फोन आला. पुढच्या वर्षीची तारीख ठरवायची होती. त्रिवेणी गच्चीवर कपडे काढत होती, फोन खांद्यात धरून.

"चार तिकिटं ना?" पलीकडून आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

त्रिवेणीनं सासूबाईंचं लुगडं दोरीवरून ओढलं, छातीशी धरून घडी घातली, मग दुसरी घातली.

"माझी दोन," ती म्हणाली.