तटस्थ बाप

लेकीचा फोन आला आणि मी तिला अमेरिकेचं परराष्ट्र धोरण शिकवलं. इतिहासाच्या मास्तराला दुसरं काय येणार! "बाबा, मी थोडे दिवस घरी येऊ का?" एवढंच सासरहून तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, "अगं, नवराबायकोच्या भांडणात आम्ही कुणाची बाजू घेत नाही." वर दाखलाही दिला, की इंग्लंड-फ्रान्सच्या युद्धात तटस्थ राहिली म्हणूनच नवजात अमेरिका सावरली. ती "बरं" म्हणाली. तेव्हापासून तिचा फोन बंद आहे.

समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आहे. 'तटस्थता शहाणपणाची होती,' असं पोरांनी ओळीनं लिहिलंय आणि मीही ओळीनं बरोबरच्या खुणा करत आलोय. आज मात्र लाल पेन पुढे सरकेना. ज्या फ्रान्सनं अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी जहाजं धाडली, तिथं या तटस्थतेची बातमी पोचली तेव्हा बंदरावरच्या एखाद्या म्हाताऱ्या खलाशाला काय वाटलं असेल? पाठ्यपुस्तकात त्याला जागा नाही. जो बाजूला उभा राहून वाचला, त्याचंच शहाणपण आपण शिकवतो.

मी पुन्हा नंबर लावला. बंद.

"अमेरिका आणि फ्रान्सच्या मध्ये अख्खा समुद्र तरी होता गं," मी बायकोला म्हणालो.

ती पिशवीत साडी कोंबत होती.

"आपल्या आणि तिच्यामध्ये चार तासांची एसटी आहे. उठा. आणि तिथं गेल्यावर तोंड उघडू नका, नुसती तिची बॅग उचला."