वस्तीवर न थांबणारी यष्टी

इंदापूरहून निघालं की निमगाव केतकीच्या अलीकडं रस्ता एका तळ्याला वळसा घालायचा. तळ्याच्या पल्याड, इंदापूरच्या अंगाला मोठं गाव, अल्याड, निमगावच्या अंगाला आमची वस्ती. यष्टी सुरू झाली तेव्हा थांबा मिळाला मोठ्या गावाला. आम्हाला मिळाला धुरळा! बारामतीची गाडी भरावावरून येताना लांबून दिसायची आणि भोंगा वाजवत आमच्या दारावरून निघून जायची. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, थांब्यासाठी तालुक्याला खेटे घातले. तिथला साहेब म्हणाला, चार घरांसाठी गाडी थांबवत बसलो तर ती पोचायची कधी? त्या दिवशी मामंजी जेवले नव्हते.

माणूसच तसा ताठ. आसपासच्या वाड्यांमधले तंटे त्यांच्या ओट्यावर मिटायचे. धोतरावर चिखलाचा शिंतोडा पडला तरी दिवसभर घर डोक्यावर घ्यायचे. आणि आमच्यात सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. मला दोन पोरं झाली तरी माझा सरळ शब्द त्यांच्या कानावर पडलेला नव्हता. ते अंगणात येऊन म्हशीला विचारायचे, "भाकरी झाली का गं?" मी आतून म्हशीलाच सांगायची, "झाली म्हणावं." म्हैस बिचारी रवंथ करत आमचा संसार ऐकायची.

शिमगा नुकताच झाला होता. शेजारचे आबा निमगावला मुक्काम करून सकाळी परतले ते माझ्या माहेरचा, काटेवाडीचा निरोप घेऊनच. "आईचं काय खरं न्हाय. तोंड बघायचं आसंल तर आजच निघा म्हणत्यात." मालक बैलगाडी घेऊन गुऱ्हाळावर गेलेले. बारामतीकडं जाणारी गाडी दिवसातून एकच, आणि ती पल्याडच्या थांब्यावरून सुटलीसुद्धा होती, भरावावर धुरळा दिसत होता. ती चुकली म्हणजे आई चुकली. सासूबाईंनी पोरं जवळ घेतली आणि मला दाराबाहेर ढकललं. मामंजी आधीच रस्त्यावर जाऊन उभे होते.

त्यांनी हात केला. पागोटं काढून हलवलं. गाडीचा वेग काही कमी होईना. मग माझ्या डोळ्यांदेखत तो माणूस परीटघडीच्या धोतरासकट रस्त्याच्या मधोमध आडवा झाला. पाठीवर, सरळ, दोन्ही हात छातीवर घेऊन.

ब्रेक असे करकचले की तळ्यावरचे बगळे उडाले. ड्रायव्हरचं डोकं खिडकीतून बाहेर आलं. "मरायचंच आसंल तर समोर तळं हाय की! माझ्या गाडीखाली कशाला?" गाडीतली माणसं खिडक्यांतून वाकून बघायला लागली. कुणी म्हणालं वेडं आहे, कुणी म्हणालं सकाळीच लावलीय. बायका फिदीफिदी हसत होत्या. मी बोचकं घेऊन कडेला उभी. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला आईसुद्धा आठवत नव्हती, नुसती लाज वाटत होती. दुसरा काही मार्गच नव्हता का ह्यांना?

कंडक्टर उतरला. पडल्यापडल्या मामंजी म्हणाले, "आधी पोरीला चढू द्या. तिची आई आजारी हाय. मग उठतो."

"ऊठ म्हणतो ना!" कंडक्टरनं त्यांच्या काखेत हात घातला आणि ओढायला लागला. अंगरखा टरकन फाटला. "कुणाचं म्हातारं हाय ह्ये?"

"माझं हाय!" मी ओरडले. "माझं म्हातारं हाय ते! हात काढा आधी!"

ओरडले आणि जीभ चावली. अगं बाई, मामंजींच्या समोर! आणि त्यांनाच म्हातारं म्हणाले! कंडक्टरनं हात काढला. मामंजींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते, ते मी गाडीत चढेपर्यंत उघडलेच नाहीत. मग ते उठले, धोतर न झटकताच कडेला झाले आणि तळ्याकडं तोंड करून उभे राहिले.

पुढचा रस्ता काही विचारू नका. प्रत्येक थांब्यावर नवीन माणूस चढायचं आणि कुणीतरी त्याला हौसेनं सगळं सांगायचं. "तीच, खिडकीशी बसलीय बघा." निमगावला सासरे वेडे होते, लासुर्ण्याला दारू प्याले, भवानीनगर येईपर्यंत तर गाडीचं चाक त्यांच्या पायावरून गेलेलं होतं. कंडक्टर मोठ्यानं म्हणाला, "पावनं, आता सगळीच माणसं आडवी पडाय लागली तर आमी यष्टी पाण्यातनं न्यायची व्हय?" सगळी गाडी हसली. मला त्याचा राग आला, हसणाऱ्यांचा आला आणि सगळ्यांत जास्त मामंजींचा आला. उद्या ह्या रस्त्यावर कुठल्या तोंडानं यायचं मी? मान खाली घातली ती काटेवाडीलाच वर केली.

आई होती. भावजय उशाशी बसून चमच्यानं पाणी पाजत होती. म्हणाली, दोन दिवस झाले, हातसुद्धा हलवत नाहीत. मी जवळ बसले तशी आईनं डोळे उघडले. ओळखलं. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "तुमच्याकडं यष्टी थांबत न्हाय ना गं? कशी आलीस?"

मी काहीतरी दडपून सांगणार होते. आईपुढं नाही जमलं. जमिनीकडं बघत, भावजयीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात सगळं सांगितलं, ते आडवे कसे झाले, अंगरखा कसा फाटला, लोक कसे हसले.

आईचा हात गोधडीतून बाहेर आला, मानेपाशी गेला. भावजयीला वाटलं माशी बसली, ती वारा घालायला लागली. पण आईनं खांद्यावर घसरलेला पदर चिमटीत धरला आणि दमत दमत, थांबत थांबत, पार कपाळापर्यंत ओढून घेतला. व्याही दारात आले की ओढायची, अगदी तसा.

मग माझ्या उघड्या डोक्याकडं बघून म्हणाली, "तू बी घे की गं."